सुरक्षा-लेबल आणि फायरवॉलची प्रारंभ-स्क्रिप्ट : लिनक्सवरील एका बिघाडाचा इतिहास

लिनक्स प्रणाली सांभाळणाऱ्यांना एक बिघाड दीर्घकाळ परिचित आहे. व्यवस्थापक फायरवॉलचे नियम लिहितो, ते लागू करणारी स्क्रिप्ट स्वतःच्या हाताने चालवून पाहतो आणि ती निर्वेध चालते. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले म्हणजे मात्र तीच स्क्रिप्ट नाकारली जाते. किंवा त्याहून वाईट म्हणजे नकाराचा एक शब्दही न उमटता नियम लागूच होत नाहीत. स्क्रिप्टच्या मजकुरात एका अक्षराचाही बदल झालेला नसतो. फाइलीचे नाव, तिची मालकी, वाचण्या-चालविण्याची परवानगी ही सारी जागच्या जागी असतात. तरी फल भिन्न येते. या भिन्नतेचे कारण फाइलीच्या आत नसून फाइलीवर चिकटवलेल्या, सामान्य यादीत न दिसणाऱ्या एका लेबलात असते.

हा बिघाड केवळ कारागिरीचा प्रश्न मानला, तर त्याचे उत्तर दोन आज्ञांत देऊन मोकळे होता येईल. परंतु तो का उद्भवला, नेमका फायरवॉलच्या प्रारंभीच का उद्भवला, आणि त्यावर वर्षानुवर्षे चुकीचा इलाज का होत राहिला, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. त्यांचा विचार केल्यास असे दिसून येते की, परस्परांशी संबंध नसलेल्या दोन परंपरा एका क्षणी एकत्र आल्या आणि त्या सांध्यावर हा बिघाड निर्माण झाला.

१. मोर्तब आणि दरवाजा

करवीर राज्याच्या कागदपत्रांशी परिचय असलेल्या वाचकास लेबलाची कल्पना परकी वाटू नये. मराठी राजपत्राच्या शेवटी मोर्तबाचा शिक्का उमटवीत. मजकूर तेथे संपला आणि पुढे कोणी काही वाढविलेले नाही, याची ती खूण होती. कारकुनाचे अक्षर ओळखीचे असले आणि मजकूर खरा असला, तरी मोर्तबावाचून पत्रास पूर्ण प्रामाण्य येत नसे. एखादी गोष्ट पक्की होणे या अर्थी 'मोर्तब होणे' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला, तो याच व्यवहारातून. कागदाचे प्रामाण्य त्याच्या मजकुराहून वेगळ्या अशा एका चिन्हावर अवलंबून ठेवणे, हे या पद्धतीचे मर्म होय.

दुसरी गोष्ट दरवाजाची. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी ठेवीत व ते एकमेकांच्या तोडीचे असत, हे सभासदाच्या बखरीवरून विदित आहे. कोणा एकाच्या फितुरीने किल्ला शत्रूच्या हाती जाऊ नये, हा त्यातील हेतू होता. पुढे करवीरकर संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, सन १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रातही दुर्गांच्या व्यवस्थेस आणि त्यांवरील अधिकाऱ्यांच्या कामाच्या वाटणीस मोठे स्थान आहे. पन्हाळ्यासारखा किल्ला ज्यांच्या डोळ्यांसमोर होता, त्या राज्यकर्त्यांना भिंतीच्या उंचीइतकीच अधिकाराची विभागणी महत्त्वाची वाटली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ही तुलना फार ताणण्याचे कारण नाही. तथापि, चिन्हाने ठरणारे प्रामाण्य आणि विभागलेला अधिकार या दोन्ही कल्पना पुढे संगणकाच्या क्षेत्रात वेगळ्या कारणांनी अवतरल्या, आणि प्रस्तुत बिघाड त्यांच्याच पोटी जन्मला.

२. लेबलाची परंपरा

संगणकातील सुरक्षा-लेबलाचा उगम लष्करी गरजेत आहे. एकाच यंत्रावर गुप्त व अगुप्त दस्तऐवज ठेवावयाचे आणि निरनिराळ्या अधिकाराच्या माणसांनी ते वापरावयाचे, हा अमेरिकन वायुदलापुढील प्रश्न होता. सन १९७२ च्या जेम्स अँडरसन यांच्या अहवालात, प्रत्येक वापर तपासणारा, टाळता न येणारा आणि स्वतः पारखून घेता येईल इतका लहान असा एक पहारेकरी प्रणालीच्या गाभ्यात असावा, ही कल्पना मांडली गेली. सन १९७३ पासून डेव्हिड बेल आणि लिओनार्ड लापादुला यांनी तिला गणिती रूप दिले. सन १९८३ मध्ये प्रसिद्ध होऊन सन १९८५ मध्ये सुधारून निघालेल्या 'ऑरेंज बुक' या अमेरिकन संरक्षण खात्याच्या मानकात लेबलयुक्त संरक्षणास स्वतंत्र श्रेणी मिळाली.

या प्रतिमानात श्रेणी वरपासून खालपर्यंत एका उतरंडीत मांडलेल्या होत्या. लष्करी दस्तऐवजांना ते सोयीचे. परंतु मुद्रणसेवा, टपालसेवा, फायरवॉल यांचे काम अशा उतरंडीत बसत नाही. सन १९८५ मध्ये बोबर्ट आणि केन यांनी मांडलेल्या 'टाइप एन्फोर्समेंट' या पद्धतीने ही अडचण दूर केली. तीत प्रत्येक प्रक्रियेस एक डोमेन आणि प्रत्येक फाइलीस एक प्रकार असतो, आणि कोणत्या डोमेनाने कोणत्या प्रकारास काय करावे, हे धोरणात स्पष्ट लिहिलेले असते. जे लिहिलेले नाही, ते निषिद्ध. ही कल्पना अनेक प्रायोगिक प्रणालींतून जाऊन, युटा विद्यापीठाच्या सहकार्याने घडलेल्या 'फ्लास्क' या रचनेत स्थिर झाली. तीच रचना लिनक्समध्ये उतरवून अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने डिसेंबर २००० मध्ये 'सेलिनक्स' या नावाने ती सर्वांस खुली केली. सन २००३ मध्ये ती लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट झाली.

या परंपरेचा एक विशेष ध्यानात ठेवला पाहिजे. युनिक्सच्या मूळ रचनेत 'रूट' या वापरकर्त्यास सर्व दरवाजे उघडे असतात. सेलिनक्समध्ये रूट असणे पुरेसे नाही. कोणती प्रक्रिया, कोणत्या डोमेनातून, कोणत्या लेबलाच्या फाइलीस हात लावीत आहे, हा प्रश्न रूटलाही विचारला जातो.

३. फायरवॉलची परंपरा

फायरवॉलची परंपरा नेमकी उलट्या गृहीतकावर वाढली. नोव्हेंबर १९८८ मधील मॉरिस वर्मच्या प्रसारानंतर जाळ्यास जोडलेल्या यंत्रांच्या मालकांना वेशीवर पहारा ठेवण्याची निकड भासली. शत्रू बाहेर आहे आणि आतला व्यवस्थापक विश्वासू आहे, हे या पहाऱ्याचे गृहीत होते. लिनक्समध्ये हा पहारा प्रथम 'आयपीएफडब्ल्यूअ‍ॅडम', नंतर कर्नलच्या २.२ या आवृत्तीत 'आयपीचेन्स' आणि जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीत रस्टी रसेल यांच्या पुढाकाराने झालेल्या 'नेटफिल्टर' व 'आयपीटेबल्स' यांच्या रूपाने आला.

येथे एक गोष्ट निर्णायक ठरली. आयपीटेबल्सचे नियम कर्नलच्या स्मृतीत राहतात. यंत्र बंद होताच ते नाहीसे होतात. म्हणून प्रत्येक प्रारंभी ते फाइलीतून पुन्हा भरावे लागतात आणि हे काम स्क्रिप्टकडे आले. रेड हॅटच्या प्रणालीत आयपीटेबल्सच्या स्क्रिप्टचा प्रारंभक्रमांक ८ होता, तर जाळे सुरू करणाऱ्या स्क्रिप्टचा १०. वेशीचा दरवाजा उघडण्यापूर्वी पहारा उभा राहावा, हा त्या दोन अंकांतील सारा आशय होता. परंतु पहारा उभा राहिला की नाही, हे क्रमांक १० ची स्क्रिप्ट विचारीत नसे. शिवाय कर्नलमधील अंगभूत साखळ्यांचे मूळ धोरण येणाऱ्यास येऊ देण्याचे आहे. अर्थात ८ क्रमांकाची स्क्रिप्ट फसली, तर जाळे नेहमीप्रमाणे सुरू होई आणि दरवाजा पहाऱ्यावाचून उघडा राही.

४. दोन परंपरांची गाठ

मे २००४ मधील फेडोरा कोअर २ या वितरणात सेलिनक्सचा समावेश झाला, पण तो मुळात बंद ठेवण्यात आला. प्रत्येक प्रक्रियेस कडक डोमेनात कोंडणारे त्याचे धोरण सामान्य वापरास झेपण्यासारखे नव्हते. यावर उपाय म्हणून, जाळ्यास सामोऱ्या जाणाऱ्या निवडक सेवांनाच मर्यादा घालणारे आणि लॉगिन केलेल्या माणसास बव्हंशी मोकळे ठेवणारे 'लक्ष्यित' धोरण तयार झाले. नोव्हेंबर २००४ च्या फेडोरा कोअर ३ मध्ये ते प्रारंभापासून लागू झाले आणि फेब्रुवारी २००५ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ४ द्वारे ते व्यावसायिक यंत्रांवर पोहोचले.

ही तडजोड व्यवहार्य होती आणि तिच्यामुळेच सेलिनक्स टिकले, हे मान्य केले पाहिजे. परंतु प्रस्तुत बिघाडाचे बीजही तीतच आहे. लॉगिन केलेला माणूस मोकळा आणि प्रारंभीची सेवा बांधलेली, अशी दोन जगे एकाच यंत्रावर निर्माण झाली. व्यवस्थापक आपली परीक्षा पहिल्या जगात घेई. स्क्रिप्टला मात्र जगावे लागे ते दुसऱ्या जगात. मूळ कडक धोरणाच्या कर्त्यांना या भेदाची जाणीव होती. हाताने सुरू केलेली सेवाही प्रारंभाच्याच संदर्भात चालावी, याकरिता त्यांनी 'रन-इनिट' हे साधन दिले होते. लक्ष्यित धोरणाच्या सुखद वातावरणात ते बहुतेकांच्या विस्मरणात गेले.

५. बिघाडाची रूपे

बिघाडाचे सर्वांत सामान्य रूप फाइल हलविण्यातून येते. व्यवस्थापक नियमांची फाइल आपल्या गृहनिर्देशिकेत तयार करतो. तेथे जन्मल्यामुळे तिला घरगुती फाइलीचे लेबल मिळते. नंतर तो 'एमव्ही' या आज्ञेने ती प्रणालीच्या निर्देशिकेत हलवितो. हलविलेली फाइल आपले लेबल बरोबर घेऊन जाते. याउलट 'सीपी' या आज्ञेने केलेली नवी प्रत नव्या जागी जन्मते आणि तेथील लेबल घेते. नाव बरोबर, जागा बरोबर, पण मोर्तब जुन्या ठाण्याचे, अशी ही स्थिती होय. आयपीटेबल्सच्या मर्यादित डोमेनास घरगुती फाइल वाचण्याचा अधिकार नसल्याने नियम भरले जात नाहीत.

दुसरे रूप स्वतः स्क्रिप्टचे. जुन्या पद्धतीत प्रारंभ-स्क्रिप्टवर विशिष्ट प्रकाराचे लेबल असले, तरच ती चालताना योग्य डोमेनात प्रवेश होई. तीच स्क्रिप्ट हाताने 'एसएच' या शेलकडून वाचून घेतली, तर चालणारी फाइल शेलची असते, स्क्रिप्टची नव्हे. त्यामुळे स्क्रिप्टच्या लेबलाची परीक्षाच होत नाही आणि परीक्षेवाचून मिळालेले यश खरे मानले जाते. पुढे सिस्टीमडीच्या काळात हेच रूप अधिक स्पष्ट झाले. रूटच्या गृहनिर्देशिकेत ठेवलेली स्क्रिप्ट सेवा म्हणून नेमली, तर सिस्टीमडीस ती चालविण्याचा अधिकार मिळत नाही व स्थितीच्या नोंदीत २०३ हा अंक उमटतो. चालवावयाची फाइल चालविता आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. फाइलीवर चालविण्याची परवानगी डोळ्यांना दिसत असल्याने व्यवस्थापक गोंधळात पडतो.

तिसरे रूप सर्वांत घातक, कारण ते मुके आहे. एखाद्या कार्यक्रमाने दुसरा कार्यक्रम सुरू करताना डोमेन बदलले, तर आधी उघडून हाती दिलेल्या फाइलींचा हक्क सेलिनक्स पुन्हा तपासते. नव्या डोमेनास तो हक्क नसल्यास ती फाइल काढून घेतली जाते आणि तिच्या जागी काहीच नसलेले रिक्त उपकरण ठेवले जाते. म्हणून शेलने उघडलेली नियमांची फाइल आयपीटेबल्सच्या पुनर्भरणाच्या आज्ञेकडे वळवून दिली असेल आणि तिचे लेबल चुकीचे असेल, तर त्या आज्ञेच्या हाती कोरा कागद पडतो. कोरा कागद वाचून ती यशाचा निर्वाळा देते. उलट दिशेनेही हेच घडते : चालू नियमांची यादी फाइलीत उतरवू पाहणाऱ्यास रिकामी फाइल मिळते आणि नियमच नाहीत, असा भलताच समज होतो.

चौथे रूप स्मृतीत राहणाऱ्या निर्देशिकांचे. प्रक्रियांच्या तात्पुरत्या नोंदी व कुलुपे ठेवण्याची निर्देशिका प्रत्येक प्रारंभी नव्याने जन्मते. तेथील फाइलीचे लेबल ती प्रथम कोणी निर्माण केली, यावर अवलंबून राहू शकते. आयपीटेबल्सची कुलूप-फाइल दुसऱ्याच डोमेनाने आधी निर्माण केली, तर पुढे आयपीटेबल्सलाच ती बंद होते. एका प्रारंभी सर्व सुरळीत आणि दुसऱ्या प्रारंभी नकार, असा लहरी बिघाड दिसला तर हे कारण तपासावे लागते.

६. निदान आणि मोह

या सर्व रूपांचे निदान एकाच मार्गाने होते. नकार मिळाला, की कर्नल ऑडिटच्या नोंदवहीत एक ओळ लिहितो. मागणाऱ्या प्रक्रियेचा संदर्भ, मागितलेल्या वस्तूचा संदर्भ, वस्तूचा वर्ग आणि नाकारलेली क्रिया, एवढे तीत असते. ही ओळ नीट वाचली, तर चूक कोणत्या बाजूची आहे, ते कळते. आयपीटेबल्सला घरगुती फाइल नाकारली असेल, तर पहारेकरी बरोबर आहे आणि फाइलीवरील खूण चुकली आहे. अशा वेळी 'रिस्टोअरकॉन' या आज्ञेने धोरणात नमूद असलेले मूळ लेबल परत बसविणे, हा योग्य इलाज होय. फाइल नेहमीच्या जागेहून वेगळ्या ठिकाणी ठेवणे भागच असेल, तर 'सेमॅनेज' या साधनाने ती जागा प्रथम धोरणात नोंदवून मगच लेबल बसवावे. 'चीकॉन' या आज्ञेने केलेला बदल अशा नोंदीवाचून असतो. सर्व फाइलींवर पुन्हा लेबले लावण्याची वेळ आली, की तो पुसला जातो आणि मिटलेला बिघाड महिन्यांनंतर पुन्हा उभा राहतो.

काही नकार धोरणकर्त्यांनी निरुपद्रवी समजून नोंदवहीतून गाळलेले असतात. नोंद नाही म्हणून नकारही नाही, असे अनुमान म्हणूनच धोक्याचे ठरते. ती गाळणी 'सेमॉड्यूल'च्या साह्याने काही काळ उठवून प्रारंभ पुन्हा पाहणे, ही निदानातील आवश्यक पायरी आहे. कागद नाहीत म्हणून घटना घडलीच नाही, असे इतिहासाचा अभ्यासकही म्हणत नाही. त्याच विवेकाचे हे दुसरे उदाहरण होय.

परंतु प्रत्यक्षात घडले ते निराळे. नकाराची ओळ वाचण्याऐवजी सेलिनक्सच बंद करण्याची वाट अनेकांनी धरली. यातील हानी दुहेरी आहे. एक तर एका फाइलीच्या चुकीच्या लेबलापायी सर्व सेवांवरील मर्यादा एकाच वेळी उठतात. दुसरे म्हणजे सेलिनक्स पूर्ण बंद असताना जन्मलेल्या फाइलींना लेबलच मिळत नाही. पुढे कधी सेलिनक्स पुन्हा चालू केले, तर अशा बेवारशी फाइलींचा समूह समोर येतो आणि सर्व फाइलींवर नव्याने लेबले लावल्याखेरीज यंत्र नीट उभे राहत नाही. केवळ नोंद करणारी, अडवणूक न करणारी जी मध्यम अवस्था आहे, तीत लेबले लागत राहतात आणि नकारही लिहिले जातात. निदानापुरती तीच पत्करणे इष्ट.

याहून सूक्ष्म मोह 'ऑडिट-टू-अलाउ' या साधनाचा आहे. नोंदवहीतील नकार वाचून, त्या सर्वांस परवानगी देणारा नियम ते तयार करून देते. धोरणात खरोखर उणीव असेल, तेव्हा ते उपयुक्त आहे. पण लेबल चुकलेले असताना ते वापरले, तर आयपीटेबल्सला सर्वच घरगुती फाइली वाचण्याचा कायमचा अधिकार मिळतो. एका पत्रावर मोर्तब राहून गेले, म्हणून यापुढे कोणतेही पत्र मोर्तबावाचून चालेल, असा हुकूम काढण्यासारखे हे आहे.

७. नंतरची वाटचाल

पुढील दोन दशकांत या सांध्याची पुष्कळशी दुरुस्ती झाली. मे २०११ च्या फेडोरा १५ मध्ये सिस्टीमडी आले. त्यात व्यवस्थापकाने हाताने सेवा सुरू करण्याची आज्ञा दिली, तरी ती सेवा प्रत्यक्षात सुरू करते ते सिस्टीमडीच. त्यामुळे हाताने सुरू केलेली व प्रारंभी सुरू झालेली सेवा एकाच संदर्भात चालते. 'रन-इनिट'ने जे साधावयाचे होते, ते रचनेतच साधले गेले. सन २०१४ मध्ये सिस्टीमडीत जाळे उभे राहण्यापूर्वीचा एक स्वतंत्र टप्पा निश्चित झाला, तो मुख्यतः फायरवॉलसाठीच. फेडोरा १८ पासून आलेल्या 'फायरवॉलडी'ने शेल-स्क्रिप्टची गरज घटविली, आणि जानेवारी २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१३ या आवृत्तीत आलेल्या 'एनएफटेबल्स'मुळे नियमांचा संपूर्ण संच एकाच व्यवहारात बदलणे सुकर झाले. सेलिनक्स चालू यंत्रात पूर्ण बंद करण्याची सोय फेडोराने सन २०२१ मध्ये, तर मुख्य कर्नलने सन २०२३ मध्ये काढून टाकली.

या वाटचालीत महाराष्ट्राचा व मराठीचाही अंश आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये व पुन्हा जून २०१५ मध्ये फेडोराच्या कार्यकर्त्यांचे संमेलन पुण्यात भरले. सेलिनक्सच्या व्यवस्थापनाची साधने, नकारांचा उलगडा करणारा 'सेट्रबलशूट' हा कार्यक्रम आणि फायरवॉलची मांडणी करणारे जुने साधन यांच्या संदेशांची मराठी भाषांतरे त्या त्या प्रकल्पांत समाविष्ट झाली. ज्या बिघाडाचे मूळच न वाचलेल्या संदेशात आहे, त्याच्या बाबतीत संदेश वाचकाच्या भाषेत असणे ही गौण गोष्ट नव्हे. परंतु हा मजकूर वापरून, तपासून, त्याच्या परिभाषेची चर्चा करून त्यास स्थैर्य आणण्याचे काम विद्यापीठांतील विभागांकडून अपेक्षित आहे.

८. उपसंहार

लेबलाची परंपरा रूटवरही अविश्वास ठेवून वाढली. फायरवॉलची परंपरा रूटवर विश्वास ठेवून वाढली. सन २००४ मध्ये त्या प्रारंभ-स्क्रिप्टच्या उंबरठ्यावर भेटल्या. तेथे उद्भवलेल्या बिघाडात पहारेकऱ्याने बहुधा आपले काम चोख बजावलेले असते. चूक असते ती वस्तूवरील चिन्हात, आणि त्या चिन्हाची परीक्षा भलत्याच स्थितीत घेतली गेल्यात. साधने सुधारली, तरी घरी लिहिलेली स्क्रिप्ट सेवा म्हणून नेमण्याची प्रथा जोवर आहे, तोवर हा बिघाड पूर्णपणे नाहीसा होण्याचा संभव नाही. म्हणून फायरवॉलची खरी परीक्षा यंत्र पुन्हा सुरू करून, नियम खरोखर भरले गेले आहेत हे पाहून, आणि नकाराची नोंद वाचूनच करावी लागते. पहारेकऱ्यास घरी पाठविणे सोपे असते. पण त्याने ज्यास अडविले, त्याच्या हातचा कागद एकदा उलगडून पाहणे हे व्यवस्थापकाचे कर्तव्य आहे.